एक नंबरचा मान

खालची वाडी, तालुका मालवण
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप काशीरामदादांच्या चरणी बर्फवाल्या हरिश्चंद्राचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण डावा गुडघा वाकत नाही आणि या पत्रात खोटं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. शेवटच्या ओळीपर्यंत हा निश्चय टिकला तर देव पावला.)

तुमची तब्येत, वहिनींची कंबर आणि तुमच्या अंगणातला तो दर पावसाळ्यात पडायला टेकणारा पण न पडणारा फणस, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण नर्मदा बरी आहे. डॉक्टर म्हणतात साखर वाढली आहे. मी म्हटलं, बोलण्यात तर कुठे जाणवत नाही. मी बरा आहे. नम्रता फारच बरी आहे, आणि हे पत्र लिहायला बसण्याचं कारण तुमची ही भाचीच आहे.

काल तुम्ही फोनवर तीन प्रश्न विचारलेत. रविवारी मुलाशी बोलणं झालं की नाही, आरोंद्याच्या सावित्रीबाई तुम्हाला फोन करून आमच्या घरातल्या गड्याचं एवढं कौतुक का करत होत्या, आणि मुळात आमच्याकडे गडी आला कुठून. त्यावर मी “हॅलो हॅलो, आवाज येत नाही” म्हणून फोन ठेवला. दादा, आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता. पण नर्मदा बाजूला तांदूळ निवडत बसली होती, आणि ती तांदूळ निवडते तेव्हा खडे आमच्या बोलण्यातले काढते. स्थळ तुम्ही आणलेलं, शब्द तुम्ही टाकलेला, तेव्हा तुम्हाला खरं काय ते कळलंच पाहिजे. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुम्हाला आठवत असेल, सावित्रीबाईंनी काय सांगितलं होतं. त्यांचा मुलगा स्वरूप मालवाहू बोटीवर इंजिनिअर, डिसेंबरात तीनच आठवडे घरी येणार, मग पुन्हा आठ महिने पाण्यावर. बारा तारखेच्या रविवारपर्यंत त्याचा होकार आला तर तो आल्या आल्या साखरपुडा, नाहीतर बांद्याची एक मुलगी त्यांच्या नजरेत आहेच. आणि आमच्या बाईसाहेबांची अट तुम्हाला माहीत आहे: मुलाशी एक तास तोंडासमोर बोलल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही, आणि बोलताना बाबा घरात नकोत. (मी नको, म्हणजे माझे कान नकोत.) स्वरूपची बोट रविवारी हॉलंडच्या एका बंदराला लागणार होती. तिथे खलाशांच्या क्लबात कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर. आपल्या घड्याळात दुपारी चार ते साडेपाच तो मोकळा, त्यानंतर बोट सुटणार. म्हणजे सगळा खेळ दीड तासाचा, आणि तो आमच्या घरातल्या इंटरनेटच्या लाईनीवर. ती लाईन रविवारी चालली तर मुलगी आरोंद्याला, नाही चालली तर बांद्याला सनई.

आता कानांचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, पुढे लागणार आहे. माझे कान मोठे आहेत आणि डोक्याला काटकोनात उभे आहेत, हे तुम्ही आमच्या लग्नात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतंत. (मी विसरलेलो नाही.) पण दादा, मी आज जो काही आहे तो या कानांवर आहे. बंदरावर डोक्यावरून बर्फाच्या लाद्या वाहायचो, तेव्हा खाडीच्या तोंडाशी होडी दिसायच्या आधी मला तिचं इंजिन ऐकू यायचं, आणि इंजिनाच्या धापेवरून कळायचं की होडी भरून येते आहे की रिकामी. बाकीचे बर्फवाले विड्या ओढत बसलेले असायचे, आणि मी भरलेल्या होडीच्या धक्क्यावर लाद्या घेऊन आधीच उभा. त्याच्यावर बर्फाचं दुकान झालं, दुकानात टेलिफोनचा बूथ झाला, मागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या झाल्या. नम्रतेला कुडाळात कॉम्प्युटर शिकवला, आज ती तिथल्या क्लासात दुसऱ्यांना शिकवते. मान मात्र झाला नाही. आमच्या वाडीत मान म्हणजे देवळातला मान. पहिला प्रसाद कोणाला, होळीला पहिला हात कोणाचा, पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा कोणाचा, हे सगळं माझ्या पणजोबाच्या पणजोबाच्या आधी ठरून गेलेलं आहे, आणि त्या यादीत बर्फ कुठेच नाही.

तर लाईन आली गणपतीनंतर. खांब रस्त्यापलीकडे, आणि वायर येणार ती गुरुदासच्या माडांवरून. (गुरुदास म्हणजे आमच्या उजव्या हाताचा शेजारी. दोन ट्रॉलर, सतरा माड, आणि देवळातला मुख्य मानकरी.) तो म्हणाला, वायर माझ्या माडावरून तर लाईन मलाही. डाव्या हाताला राधाबाईची खानावळ. तिच्याकडचे पुण्याचे पाहुणे सोलकढी पिता पिता ईमेल बघायचंय म्हणतात, म्हणून तिलाही पाहिजे. मी म्हटलं, एकच लाईन आहे, तिघांत वाटून घेऊ. दिवाळीची सुट्टी घेऊन नम्रता दोन दिवस वायरी ओढत होती, एक गुरुदासच्या माडीवर, एक राधाबाईच्या माजघरात. आमच्या यंत्राच्या (म्हणजे कॉम्प्युटरच्या) पाठीत दोन खाचा केल्या. एका खाचेतून लाईन आत येते, दुसरीतून शेजाऱ्यांकडे जाते.

एवढं झालं की प्रत्येक यंत्राला पत्ता द्यावा लागतो. पत्ता आकड्यांचा, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, आणि मग शेवटचा आकडा. नम्रतेने मला असं समजावलं की बाबा, पहिले तीन आकडे म्हणजे जिल्हा, तालुका, वाडी, ते सगळ्यांचे एकच. शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर, तो प्रत्येकाचा वेगळा, दोन यंत्रांना एकच दिला तर दोघांचं भांडण लागतं. ज्या यंत्रातून लाईन वाटली जाते त्याला एक नंबर, बाकीची यंत्रं काहीही हवं असलं की एक नंबरच्या दारात येऊन मागतात. आमचं यंत्र एक, गुरुदासचं दोन, राधाबाईचं तीन. तिने हे एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून तिन्ही घरी एकेक कागद दिला आणि सुट्टी संपली म्हणून कुडाळला क्लासला निघून गेली. दादा, मुलगी हुशार आहे, पण कागदावर लिहायला नको होतं. या वाडीत आकडे असे उघड्यावर लिहून देत नाहीत.

संध्याकाळी गुरुदास आला. ओटीवर बसला नाही, हे वाईट लक्षण. कागद माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, “रे हरी, देवळात एक नंबर कोणाचो? होळयेक एक नंबर कोणाचो? मगे हयसर एक नंबर तुझो कसो?” मी सांगितलं की बाबा, हा मानाचा आकडा नाही, ही वायरीची सोय आहे. तो म्हणाला, पालखी पण खांद्याची सोयच आसा. (तुम्ही कोर्टात नाझर होतात, यावर उत्तर सुचलं तर कळवा.) तो गेला, आणि त्याच्या मागोमाग राधाबाई. तिचं म्हणणं, देवीची पहिली ओटी तिच्या घराची, आणि बाईमाणसाला तीन नंबर देऊन गुरुदासच्या मागे उभं करणार असाल तर उद्यापासून तुमच्या पाहुण्यांना बांगड्याचं तिखलं मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं यंत्र सुरू केलं तर त्याच्या कोपऱ्यात पिवळा फुगा आला. नम्रतेला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या नंबरवर दुसरं कोणीतरी बसलंय. गुरुदासने रात्री आपल्या भाच्याला बोलावून दोनाचा एक करून घेतला होता, आणि पहाटे कोंबड्याच्या आधी उठून यंत्र लावलं होतं. कारण त्यात अशी मेख आहे, की एकच नंबर दोघांनी लावला तर जो आधी चालू करील त्याचा नंबर खरा, मागून येणारा उपरा. आता गंमत बघा. राधाबाईचं यंत्र इंटरनेट मागायला एक नंबरच्या दारात जायचं, आणि एक नंबर गुरुदास. गुरुदासकडे मान होता, पण द्यायला काही नव्हतं. त्याचं स्वतःचं यंत्र तर कोणाकडे मागतच नव्हतं, कारण मुख्य मानकरी मागणार कोणाकडे? चार दिवस तो नुसता पडद्यासमोर छाती पुढे काढून बसला. राधाबाईने ते बघितलं आणि तिनेही आपला एक करून टाकला.

मग जे सुरू झालं ते तुमच्यासारख्या शांत माणसाला सांगायला संकोच वाटतो. आमच्याकडे वीज सकाळी जाते ती दुपारी तीनला येते. पावणेतीन वाजले की तिन्ही घरांत सामसूम. गुरुदास माडीवर बटणावर बोट ठेवून, राधाबाई गिऱ्हाइकांना अर्ध्या ताटावर सोडून बटणावर बोट ठेवून, आणि (खोटं लिहायचं नाही असं ठरलंय) मीही. वीज आली की तिन्ही बटणं एकदम. त्यात माझं यंत्र सगळ्यात जुनं, जागं व्हायला कुथत कुथत पाच मिनिटं घेतं. एक दिवस गुरुदास, एक दिवस राधाबाई, मी एकदाही नाही. वाडीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहायला लागली, आज एक नंबर कोण म्हणून. सोसायटीच्या कट्ट्यावर पैजा लागल्या असं ऐकतो. (माझ्यावर कोणीही लावली नाही असंही ऐकतो.)

माझं काय बिघडत होतं म्हणाल तर तसं काही नाही. माझ्या यंत्रात लाईन येतच होती, उपाशी शेजारी होते. पण गुरुवारी गुरुदासने नारळ काढणारा पाडेली बोलावला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने (मला ऐकू न जाणारा बेत अजून निघायचाय) त्याला म्हणाला, की या माडांवरून कसली तरी वायर गेली आहे, शनिवारी नारळ पाडताना कोयता लागून तुटली तर आपण काय करणार. शनिवारी वायर तुटली तर रविवारी हॉलंड कुठलं आणि स्वरूप कुठला! नम्रतेला हे सांगितलं नाही. ती त्या संध्याकाळी क्लासातून येऊन आरशासमोर उभी राहून कानांवरून केस कसे घ्यायचे ते बघत होती. (कान माझ्यावर गेलेत. तुम्हाला ठाऊक आहे.)

शुक्रवारी मी राधाबाईच्या खानावळीत बैठक बोलावली. देवाला कौल लावू या, अशी भाषा निघाली. गुरवाला विचारलं. तो म्हणाला, यंत्र देवाच्या हद्दीत येत नाही, आणि उद्या यंत्र बिघडलं तर माझ्या अंगावर येईल. हद्द हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, एक नंबर माझा नकोच, गुरुदासचाही नको, राधाबाईचाही नको. एक नंबर देवाचा. यंत्र माझ्या घरात असलं तरी आजपासून ते देवाच्या हद्दीत. सगळे मागतात त्याच्याचकडे, देतोही तोच, मग तो देव नाही तर कोण? यंत्रावर कुंकवाने श्री काढू, पुढ्यात नारळ ठेवू, आणि लाईन बंद पडली तर तिथेच गाऱ्हाणं घालू. देवाच्या खालचा नंबर घ्यायला कोणाचीच ना नव्हती.

पण देवाच्या लगेच खाली कोण? दोन कोणाला आणि तीन कोणाला? पुन्हा आवाज चढणार, एवढ्यात मी म्हटलं, दोन-तीन हे काय मानाचे आकडे आहेत? आपण आहेर करताना दोन रुपये देतो का? शकुनाचे आकडे घ्या. गुरुदास पटकन म्हणाला, मला पाचशे एक. तिथल्या तिथे नम्रतेला फोन लावला, तिने सांगितलं त्याप्रमाणे त्याच्या भाच्याने आकडा घातला. यंत्र नको म्हणालं, दोनशे पंचावन्नच्या वर चालत नाही. गुरुदास खवळला, “दोनशे पंचावनाच्या फुडे तेका मोजूक येणा नाय? आणि म्हणे हुशार यंत्र!” शेवटी दोनशे एक्कावन्नावर तुटलं. राधाबाईला एकशे एक. मग मी गुरुदासला बाजूला घेऊन कानात सांगितलं की आकडा जेवढा मोठा तेवढा मान मोठा, आणि राधाबाईला वाढपाच्या खोलीत नेऊन सांगितलं की आकडा देवाच्या जेवढा जवळ तेवढा मान मोठा. दोघंही एकमेकांकडे दयेने बघत घरी गेली. त्या दिवसापासून तिन्ही घरांत इंटरनेट नळासारखं चालू झालं. पाडेल्यालाही निरोप गेला, की वायर देवाची आहे, कोयता जपून.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र चार ओळींत संपवलं असतं. पण देव म्हटला की फुलं आली. शनिवारी सकाळी बघतो तर राधाबाई आमच्या खोलीत, यंत्राला जास्वंदी वाहते आहे. पुढे जागा उरली नाही तेव्हा पाठीमागे जी जी खाच दिसेल तिच्यात तिने एकेक फूल खोचलं. मी तिची परडी धरून उभा राहिलो. पाहुण्यांचा तिखल्याचा प्रश्न होता.

रविवारी तीनला वीज आली. पावणेचारला नम्रतेने आम्हाला सगळ्यांना खोलीतून बाहेर काढलं. ती अबोली साडी नेसली होती, केस कानांवरून घेतले होते. मला दुकानात जायची आज्ञा झाली. मी गेलोही, मागच्या दाराने. मधलं लाकडी पार्टिशन आहे, त्याच्याशी बसून बर्फाची लादी फोडायला घेतली, पण आवाज होतो म्हणून टोचा खाली ठेवला. नुसता बनियनवर, मांडीत लादी घेऊन बसलो होतो. चारला बरोबर तो आला. आवाज बरा आहे मुलाचा, घाई नाही. बारा मिनिटं बोलणं झालं. (काय झालं ते लिहीत नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगतो, की त्याने विचारलं, मी आठ महिने नसणार याचं काय.) आणि नम्रता उत्तर द्यायला तोंड उघडते तोच लाईन बंद. पार्टिशनच्या फटीतून बघितलं, चित्र थिजलेलं. मुलाचं तोंड अर्धं उघडं, डोक्यावर बोटीवरची टोपी.

मी पार्टिशनमागून उठायच्या आत उजवीकडून गुरुदास, डावीकडून राधाबाई. त्यांचीही लाईन बंद झाली होती. नम्रता पाठीमागची एकेक वायर चाचपडत होती, फुलांचा चिखल हाताला लागत होता आणि ती रडकुंडीला आली होती. गुरुदास म्हणाला, बाजूला हो गो, यंत्र असं चालत नाही, ठरल्याप्रमाणे गाऱ्हाणं घालायला हवं. मी म्हटलं, तू मानकरी, तू घाल. तेव्हा त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “घर तुझा, चेडू तुझा. आज मान तुझो. तूच घाल.” दादा, बावन्न वर्षं या वाडीत काढली, पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं. बनियन बदलायचं भान कुठलं राहणार? मी नारळ उचलला, यंत्रावर ठेवला. ठेवताना जरा जोर लागला आणि यंत्र मागे भिंतीला टेकलं. डोळे मिटले, हात जोडले.

बा देवा म्हाराजा, एक नंबरच्या धन्या, ह्या लेकरान नारळ ठेवलो हा तो गोड मानून घे, आणि बंद झालेली लाईन चालू कर रे म्हाराजा! मागून तीन आवाज आले, व्हय म्हाराजा! (गुरुदासचा घोगरा, राधाबाईचा किरटा, आणि नर्मदेचा, ती स्वयंपाकघरातून पळीसकट आली होती.) इथे थांबायला हवं होतं. पण पहिल्यांदा मिळालेला मान एका वाक्यात कोण संपवतो? मी पुढे गेलो. आरोंद्याच्या घराशी माज्या चेडवाचा जुळताहा, तेच्यात कोण आडवो येत आसात तर तेका बाजूक कर रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! मुलगो बोटीवर वायट संगतीक लागलो आसात तर ता आताच उघडा पडांदे, आणि नसात तर ह्या बापाक माफ कर रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! फोटोत टोपी, हयसर पण टोपी. टोपयेखाली केस आसत काय नाय ता एकदा दिसांदे रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! आणि शेवटी कुठून आलं कोणास ठाऊक, पण आलं: माज्या चेडवाक समुद्राची भीती नाय, पण एकट्या बसाची सवय नाय. तेका वाट बघूक लावशीत तर लाव, पण परत येणाऱ्याचीच लाव रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा. आणि दादा, माझे कान. हे आवाज चार होते. तीन ओळखीचे, आणि चौथा जरासा मागाहून येणारा, पुरुषाचा, घाई नसलेला. आठवून बघितलं तर दुसऱ्या वाक्यापासूनच चार होते. क्षणभर अंगावर काटा आला, की एक नंबरचा देव खरंच बोलला. डोळे उघडले. पडद्यावर स्वरूप. हात जोडलेले, टोपी काढून टेबलावर ठेवलेली. (केस आहेत. पुढून ओहोटी आहे, पण किनारा दिसतो.) लाईन पहिल्या वाक्यालाच चालू झाली होती, आणि कॅमेरा यंत्रावर असल्यामुळे हॉलंडात एवढा वेळ माझं तोंड, माझं बनियन आणि पुढ्यात नारळाची शेंडी एवढंच दिसत होतं.

मी न वाकणाऱ्या गुडघ्यासकट तीन उड्यांत पार्टिशनमागे. आणि तिथून ऐकलं. तो म्हणाला, हे कोण? आमची म्हणते, “हे ना? हे आमच्याकडे बर्फ फोडायला असतात.”

तसं बघितलं तर खोटं नाही. बत्तीस वर्षं मी या घरात बर्फच फोडतो आहे. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मुलगी पुढे हसत होती, तोही हसत होता, आणि साडेपाचपर्यंत लाईन एकदाही तुटली नाही, तेव्हा मी लादी फोडायला घेतली. आवाज होऊ दिला. गाऱ्हाण्यात मी माझं चेडू म्हणालो होतो खरा, पण जुने गडी मालकाच्या मुलीला असंच म्हणतात, अशी मनाची समजूत घातली.

काल सकाळी फोन वाजला, मी उचलला. सावित्रीबाई. मुलाचा होकार आहे, दहा डिसेंबरला रविवारी साखरपुडा, सगळं गोड. मग म्हणाल्या, तुम्ही कोण बोलता? दादा, पोरीचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता. तोंडातून निघून गेलं, “बर्फ फोडणारो.” बाई एकदम खूश. मुलाने सांगितलंय म्हणे, ज्या घरचा गडी मालकाच्या मुलीसाठी असं गाऱ्हाणं घालतो, ते घर चांगलंच असणार. मालक आसत? त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मालक बंदरार गेले. त्यांनी फोन ठेवला तो थेट तुम्हाला लावला. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं ही अशी.

बाकी सगळं क्षेम. लाईन जास्वंदीच्या खोचलेल्या फुलामुळे सुटली होती, आणि यंत्र भिंतीला टेकलं तेव्हा वायर परत आत बसली, हे फक्त तुम्हाला सांगतो. वाडीत बोलू नका. आमच्या यंत्रासमोर मुलगी बसवली की लग्न जुळतं अशी बातमी पसरली आहे, आणि धामापूरहून दोन घरची माणसं नारळ घेऊन येऊन गेली. वहिनींना नमस्कार, फणसाला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
हरिश्चंद्र

ता. क. एक लहानशी विनंती राहिली. दहा तारखेला मुलीचा बाप म्हणून तुम्ही बसाल का? तुमचे केस पांढरे आहेत, नाक सरळ आहे, कोर्टातला काळा कोट आहे, आणि तुम्ही बोलता तेव्हा लोक गप्प बसतात. मी सरबत फिरवीन. तीनच आठवड्यांचा प्रश्न आहे, मग मुलगा बोटीवर जाईल. (शेवटच्या ओळीपर्यंत निश्चय टिकणार नाही म्हटलंच होतं.)

ता. क. दुसरा. नर्मदेला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्ही बाप झालात तर ती तुमची कोण होते, हा प्रश्न माझ्या लक्षात आत्ता आला. कोर्टात अशा वेळी काय करत असत?

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आत्ता नम्रतेला बोटीवरून ईमेल आली. ती आईला वाचून दाखवत होती, मी दुकानात होतो, दार लावलेलं होतं, तरी शब्द न् शब्द ऐकला. लिहितो, “बर्फ फोडणाऱ्या काकांना सांग, साखरपुड्याच्या दिवशी गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं, मी व्हय म्हाराजा म्हणायला येतो आहे. त्यांचे आणि तुझे कान एकसारखे कसे, हे तू सांगेपर्यंत मी विचारणार नाही.” आमची उठून दुकानात आली, टोचा घेतला आणि माझ्याबरोबर लादी फोडत बसली. केस कानांच्या मागे बांधलेले होते.

तेव्हा बाप व्हायचे कष्ट घेऊ नका, मामा म्हणूनच या. कोट मात्र आणा. बाह्या मला तीन बोटं लांब होतील, नर्मदा आतून दुमडून देईल.